माझ्यातून गेलेला गोल

मित्रांनो, मी एक जुनी जाळी आहे आणि मी वैतागले आहे. जुन्या वस्तूंनी आपली हकिगत शांतपणे, अधूनमधून एखादा उसासा टाकत सांगायची असते, हे मला ठाऊक आहे. पण सर्वणच्या फुटबॉल मैदानावर गोलपोस्टाला बांधलेल्या अवस्थेत ज्या जाळीने अख्खा हंगाम प्रेक्षकांच्या गप्पा ऐकल्या आहेत, तिच्याकडून शांतपणाची अपेक्षा कुणी करू नये.

आमच्याकडे जाळीच्या घरांना डोळे म्हणतात. माझ्या अंगावर डोळेच डोळे आहेत. मला सगळे दिसते, पण सांगता येत नाही. आणि माझ्या पाठीमागे बसणाऱ्या मंडळींना देवाने तोंड दिले आहे, ती सगळे सांगतात, पण बघत काहीच नाहीत. माझ्या साऱ्या दुःखाचे मूळ एवढ्यात आले.

माझा जन्म पेडण्याच्या केरीचा. तेरेखोलची खाडी समुद्राला मिळते त्या बाजूच्या वाळूवर दादू नावाच्या मच्छीमाराने मला विणले. मी तेव्हा एका मोठ्या रापणीचा भाग होते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांबच लांब जाळे. होडीतून ते समुद्रात अर्धगोल सोडायचे आणि दोन्ही टोकांना माणसे लागून वाळूवरून ओढायचे. मी त्या रापणीचा कडेचा तुकडा, मोठ्या डोळ्यांचा, हिरव्या नायलॉनचा. मधल्या बारीक डोळ्यांच्या तुकड्यात बांगडे आणि तारले अडकत, म्हणून त्याचे कौतुक अधिक होई. पण कडा नीट धरली नाही तर मधल्याला काय मिळणार होते? दादूला ते कळत होते. तो माझ्यावरून हात फिरवताना घाई करत नसे.

समुद्रात फाटणे हा आमचा रोजचाच धंदा. कधी खडकाला अडकायचे, कधी एखादी दांडगी कुर्ली नांगी चालवायची. जाळे वाळूवर आले आणि त्यात भोक दिसले की माणसे भांडायला उभी राहायची. तू दोर सैल सोडलास. तू होडी खडकाकडे नेलीस. तू उशिरा आलास. दादू मात्र मांडी घालून बसायचा, लाकडी सुईत दोरा भरायचा आणि मान वर न करता म्हणायचा, "भोक दिसला की पयला शिवूचा. कोणी पाडला ता मागीर इचारूचा."

शिवून होईपर्यंत भांडणारे दमलेले असायचे. मग विचारायचे कुणाच्याच लक्षात राहत नसे.

पुढे दादूचे गुडघे गेले. रापण ओढायला माणसे जमेनात. तरणी पोरे किनाऱ्यावरच्या हॉटेलांत कामाला लागली, आणि त्यांचे तरी काय चुकले? मोठी रापण तुकड्यातुकड्यांनी गेली. मी दादूच्या पडवीत उलट्या होडीखाली जाऊन पडले. उंदरांशी ओळख झाली. मीठ सुकून माझे अंग कडक झाले. मला वाटले, आपले संपले.

पण दादूची लेक सर्वणला दिलेली होती, आणि तिचा मुलगा निखिल फुटबॉल खेळत होता. गावच्या उदयतारा क्लबाच्या मैदानावर गोलपोस्ट होते, जाळी नव्हती. गोल झाला की चेंडू आणायला थेट शेतात उतरावे लागे. निखिल एकदा आजोळी आला तेव्हा दादूनेच मला होडीखालून ओढून काढले, गोड्या पाण्यात भिजवले, नीट कापले आणि कडेला जाड दोर ओवून दिला. दुसऱ्या खांबांसाठी रापणीचा आणखी एक तुकडा दिला, ती माझी बहीण. आम्हा दोघींना मोटारसायकलवर बांधून निखिल पेडणे, म्हापसा, अस्नोडा करत डिचोलीकडे घेऊन आला. समुद्राचा वास मागे राहिला आणि भाताचा वास आला.

बहिणीला रस्त्याकडच्या गोलाला बांधले, मला डोंगराकडच्या. गावकऱ्यांनी नारळ फोडला, गाऱ्हाणे घातले. "ह्या जाळ्यांत गोल भरून पडूं दी," असे देवाला सांगितले. माझा ऊर भरून आला. मासे काय नि चेंडू काय, आपल्याकडे आलेले धरून ठेवायचे, हे काम मला येत होते.

आणि मित्रांनो, पहिले काही हंगाम मी खूप सुख भोगले. चेंडू जोरात यावा, मी मागे ताणले जावे, आणि त्याने दमून माझ्या पायाशी उतरावे. त्या क्षणी सगळे मैदान ओरडे. असा मान समुद्रात कधी मिळाला नव्हता. बांगडा मिळाल्यावर कुणी नाचत नाही.

आमच्या मंडळींची एक रीत आहे. नाणेफेक जिंकली की आमचा कप्तान दुसऱ्या डावात डोंगराकडे मारायची बाजू घेतो, म्हणून आमचे सगळे पाठीराखे माझ्या मागे, जांभळीच्या सावलीत बसतात. त्यांतले तीन तुम्हाला माहीत असायलाच हवेत, कारण आमच्या संघाला गोल का होत नाहीत याचा निकाल तेच तिघे लावतात.

पहिले सगुणकाका. सरकारी बसचे निवृत्त कंडक्टर. आवाज असा की मैदानाच्या पलीकडच्या खेळाडूला वाटावे, पुढच्या दाराने उतरायचे राहिले. दुसरी कमलाक्षी. तिचा चहा-भज्यांचा गाडा जांभळीखालीच लागतो, त्यामुळे तिचे एक लक्ष कढईत आणि एक प्रतिपक्षात. तिसरा विनायक. तो पणजीला कचेरीत नोकरी करतो आणि मोबाइलवर परदेशातले सामने पाहतो. त्यामुळे सर्वणचे सामने पाहताना त्याला सारखे वाईट वाटत असते.

सगुणकाकांची एक काळी छत्री आहे, जाड लाकडी मुठीची. पावसात पावसासाठी, उन्हात उन्हासाठी, आणि दोन्ही नसेल तेव्हा बोटाऐवजी रोखायला. जन्मभर बसमध्ये उभे राहिलेला माणूस. बसला की आपली वस्तू समोरच्या दांडीला टांगायची, ही त्यांची सवय. मैदानावर दांडी नाही. मग काका आपली प्लास्टिकची खुर्ची माझ्या डाव्या कोपऱ्याशी, खांबाला लागून ठेवू लागले आणि छत्रीची मूठ माझ्या एका डोळ्यात अडकवू लागले.

टांगली तर टांगली. मी समुद्राचे वजन ओढलेली, छत्रीने मला काय होणार? पण काका छत्री टांगून गप्प थोडेच बसत होते! आमचा खेळाडू चुकला की छत्री हिसडून काढायची, त्याच्याकडे रोखायची, चार शब्द ऐकवायचे, पुन्हा अडकवायची. पुन्हा हिसडायची. एक डोळा उसवला. मग खालचा. मग त्याच्या खालचा. हळूहळू माझ्या कोपऱ्यात चेंडू जाईल एवढे भोक पडले. ते कुणाला दिसत नसे, कारण छत्री टांगलेली असली की तिचे फुगलेले काळे कापड नेमके त्यावर लोंबत असे. सामन्याआधी पंच येऊन खांब हलवून जात, माझ्याकडे एक नजर टाकत, आणि काकांच्या छत्रीला नमस्कार केल्यासारखे करून मधल्या वर्तुळाकडे वळत.

सुधीरच्या मात्र लक्षात आले होते. सुधीर आमचा प्रशिक्षक. मूळचा कोल्हापूरकडचा, डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला, आणि संध्याकाळी पोरांना शिकवायला मैदानावर. त्याने एकदा क्लबात सांगितले की जाळी फाटली आहे. विनायक म्हणाला, हा विषय बैठकीत घ्यायला हवा. बैठकीत ठरले की मैदान पंचायतीचे, तेव्हा जाळीही पंचायतीची. पंचायतीतून उत्तर आले की जाळी क्लबाने आणलेली, तेव्हा क्लबाचीच. मी मात्र दोघांची असूनही कुणाचीच नसल्यासारखी लोंबत राहिले.

आणि मग आला हा हंगाम. चतुर्थी संपली, सामने सुरू झाले, आणि आमच्या संघाला गोल होईनात. बचाव चांगला, गोलरक्षक चांगला, पण पुढे जाऊन मारायचे म्हटले की सगळ्यांचे पाय जड. सामन्यामागून सामना कोरडा. चेंडू वरून गेला, बाजूने गेला, खांबाला लागला. माझ्यात मात्र आला नाही. मी वाट बघून बघून सुकले.

जांभळीखाली मात्र चर्चेला पूर आला.

सगुणकाकांचा दोष एकावर ठरलेला. "तो निखिल फुडें आसा मरे? गोल मारपाचें काम कोणाचें? ताचें! मागीर दोश कोणाचो? ताचोच!"

कमलाक्षी झारा हातात घेऊनच उलटायची. "ताका बॉल दितलो तेन्ना मारतलो मरे! तो साईश मदीं उबो रावता, बॉल मेळ्ळो की चार जाणांक भोंवडायता. आदीं ताका विचार!"

साईश मधल्या फळीतला. चेंडू पायाला चिकटला की सोडवत नाही असा.

विनायक दोघांकडे दयेने पाहायचा. "प्रश्न निखिलचाही नाही आणि साईशचाही नाही. प्रश्न रचनेचा आहे. चार-तीन-तीन खेळायला तशी माणसं लागतात."

"म्हणजे सुधीरचो दोश," काका लगेच म्हणायचे. "घाटावयल्या मनशाक हांगाचें फुटबॉल कितें कळटलें?"

यावर सीमारेषेवरून सुधीर न वळता म्हणायचा, "काका, मला समदं ऐकू येतंय बरं का."

"आयक मरे! आयकूंकच सांगता!"

असे रोज. कधी दोष बुटांना, कधी मैदानातल्या गवताला, कधी निखिलच्या मोबाइलला. एकदा कुणीतरी माझ्यावरही घसरले. मासळीची जाळी, तिच्यात जिवंत आलेले मेलेच, मग गोल कसा जगणार म्हणे! नाचता येईना अंगण वाकडे ही म्हण मी ऐकली होती. अंगण होऊन बघितल्यावर तिची खरी गोडी कळली.

आता तो सामना सांगते. दुसरा डाव, बरोबरी, दोन्ही बाजूंना शून्य. साईशने कधी नव्हे तो चेंडू वेळेवर सोडला. निखिल डावीकडून सुटला. आणि नेमक्या त्याच वेळी जांभळीखाली वाद शिगेला पोचला होता. रचना चुकते की माणूस चुकतो, हा. काकांनी माझ्यावरची छत्री हिसडून काढली आणि विनायकच्या नाकासमोर नाचवली. कमलाक्षी गाड्यामागून पुढे आली. बाकीचे सगळे या तिघांकडे वळले. मैदानाकडे पाठ!

निखिलने जमिनीलगत मारला. असा स्वच्छ फटका मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. गोलरक्षकाच्या हाताखालून, खांबाच्या आतून, सरळ माझ्या डाव्या कोपऱ्यात. मी अंग ताणले. ये बाळा, म्हटले. आणि तो माझ्या भोकातून गेला, सरळ पलीकडे, आणि सगुणकाकांच्या पायाशी जाऊन थांबला.

निखिल हात वर करून धावत सुटला. पंच लांब होते. त्यांनी पाहिले तो चेंडू जाळीच्या बाहेर, खुर्चीपाशी. रेषेवरचा पंचही दोन खेळाडूंच्या आड सापडलेला. दोघांनी आमच्या मंडळींकडे पाहिले, कारण गोल झाला असता तर पहिली आरोळी तिथून उठली असती. पण तिथे कुणी पाहिलेच नव्हते. काकांनी पायाशी चेंडू पाहिला, कपाळावर हात मारला आणि आपल्या त्या बस थांबवणाऱ्या आवाजात ओरडले, "भायर! परत भायर!"

आणि स्वतःच्या हाताने चेंडू आत फेकला.

पंचांनी गोल-किक दिली. स्वतःचेच पाठीराखे बाहेर म्हणतात, तिथे पंच काय करणार? मी ओरडत होते, मित्रांनो! माझा एकेक डोळा ओरडत होता. आत होता! माझ्यातून गेला! पण जाळीचा आवाज वाऱ्यासारखा असतो. कमलाक्षी म्हणाली, वारो सुटलो मरे, आणि तिने कढईवर झाकण ठेवले.

सामना संपल्यावर निखिल माझ्यापाशी आला. भोक दाखवून म्हणाला, "काका, हांगाच्यान गेलो. आत आसलो. देवाची आण."

विनायक हसला. "अरे, जाळी म्हणजे भोकंच असतात."

आणि काका, छत्री पुन्हा जागेवर टांगत, सगळ्यांसमोर म्हणाले, "गोल मारूंक येना, पूण फटी मारूंक येतात!"

फट म्हणजे थाप. लोक खदखदून हसले. निखिल हसला नाही. त्याने मान खाली घातली आणि बुटांच्या नाड्या सोडायला बसला. त्या सुटायला फार वेळ लागला.

गावात शब्द पसरायला काय लागते? दुसऱ्या दिवसापासून निखिलला 'भायर' म्हणू लागले. बसथांब्यावर भायर. दुकानात भायर. सरावाला आला की पोरे दबक्या आवाजात भायर भायर करायची. चेंडूला म्हटलेला शब्द माणसाला चिकटला. क्लबातही कुजबुज सुरू झाली की आता त्याला खरोखरच बाहेर बसवावे. शेवटचा एक सामना द्यावा, मग पुरे. निखिल सरावाला यायचा बंद झाला. ज्या पोराने मला मोटारसायकलवरून आणले, त्याला खोटारडा ठरवले आणि साक्षीदार मी एकटी, मुकी. इतकी चीड मला खडकांचीही कधी आली नव्हती.

शेवटच्या सामन्याच्या आदल्या दुपारी मैदानावर चिटपाखरू नव्हते. निखिल आला. खेळायच्या कपड्यांत नाही, साध्या पँटीत. त्याच्या हातात दादूची लाकडी सुई होती आणि निळा दोरा. तो केरीहून आला होता हे मला वासावरूनच कळले. सुईला अजून खारा वास होता.

तो माझ्या कोपऱ्याशी मांडी घालून बसला. भोकाच्या कडा चाचपल्या. मग शेजारी गवतात उमटलेल्या खुर्चीच्या पायांच्या खुणा पाहिल्या. वर पाहिले, खाली पाहिले. त्याला सगळे समजले. तो स्वतःशीच कोरडे हसला आणि त्याने दोरा ओढला.

तेवढ्यात सुधीर मैदानाच्या रेषा आखायला चुना घेऊन आला. निखिलला पाहून धावतच आला.

"आरं, काय करतोयस? शिवू नगंस! ह्योच तर पुरावा हाय. फोटू काढू, बैठकीत दावू. तुझं नाव सुटंल की गड्या!"

मीही तेच म्हणत होते. अरे वेड्या, हे भोक म्हणजे तुझी एकच साक्ष! त्यावर टाके घालतोस? उद्या हे बुजले की तुझा गोल कुठे गेला ते देवही सांगू शकणार नाही.

निखिल थोडा वेळ सुई हातात धरून बसला. त्याचेही मन होत होते, मला दिसत होते. दोनदा त्याने खिशातल्या मोबाइलवर हात ठेवला. मग म्हणाला, "आजो म्हणता, भोंक पयलीं शिवप. फाल्यां साईश मारीत, आनी तोय भायर गेलो जाल्यार?"

 उद्याच्या सामन्याचे ऐकून सुधीरने चुन्याची पिशवी खाली ठेवली आणि माझी कड ताणून धरली.

निखिलचा हात दादूइतका सफाईदार नाही. गाठी जाडजूड, दोरा ओढताना मला दुखले. पण एक गोष्ट त्याने मुद्दाम केली. तिथले डोळे त्याने बारीक ठेवले, दुहेरी दोऱ्याचे, जाड लाकडी मूठ शिरणार नाही असे. हिरव्या अंगावर निळे ठिगळ. मी आधी रागावले होते. ठिगळ पुरे होत आले तशी मला स्वतःचीच लाज वाटू लागली. साक्ष देण्याच्या नादात मी विसरले होते की मी जाळी आहे, माझे काम धरण्याचे.

दुसऱ्या दिवशी कडक ऊन. जांभळीखाली मंडळी जमली. सामना सुरू व्हायच्या आधीच निकाल तयार होता. हरलो तर निखिल, बरोबरी झाली तर सुधीर. सगुणकाका आले, खुर्ची ठेवली, बसले, आणि न बघता, सवयीने, छत्रीची मूठ माझ्या कोपऱ्यात अडकवली.

छत्री खाली पडली.

काकांनी उचलली, पुन्हा अडकवली. पुन्हा पडली. विनायकशी बोलता बोलताच त्यांचा हात माझ्यावर फिरू लागला, आंधळ्यासारखा. मूठ शिरेना. तेव्हा इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या माणसाने माझ्याकडे पाहिले. निळा दोरा पाहिला. बोटाने ठिगळाची कड चाचपली, वरपासून खालपर्यंत. मग हातातल्या मुठीकडे पाहिले. मग स्वतःच्या पायांकडे, जिथे त्या दिवशी चेंडू येऊन थांबला होता.

"काका, कितें जालें?" कमलाक्षीने विचारले.

 काखेत कळसा नि गावाला वळसा असे आपण सहज म्हणतो. कळसा सापडल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो, ते मी त्या दिवशी पाहिले. छत्री मांडीवर आडवी घेऊन काका बसून राहिले. सगळा पहिला डाव गेला, त्यांनी ती एकदाही कुणावर रोखली नाही. विनायक सारखा त्यांच्याकडे बघत होता. वाद घालायला कुणी नसल्यामुळे त्याला नाइलाजाने सामना बघावा लागला.

दुसऱ्या डावात आमची माणसे माझ्याकडे मारू लागली. सुधीरने निखिलला ठेवले होते. चेंडू त्याच्याकडे गेला की मैदानाच्या त्या टोकाकडून भायर, भायर असे सूर निघत. पोर ऐकत नसल्यासारखे धावत होते. एक चुकला. दुसरा वरून गेला. सूर वाढले. मग साईशने चार जणांना फिरवायचे सोडून एकालाच फिरवले आणि चेंडू पुढे ढकलला. निखिल डावीकडून सुटला. तीच जागा, तोच जमिनीलगतचा फटका, गोलरक्षकाच्या हाताखालून, खांबाच्या आतून.

मी डोळे मिटले नाहीत, कारण मला ते मिटताच येत नाहीत. चेंडू निळ्या ठिगळावर आदळला. गाठी करकरल्या. दुहेरी दोरा ताणला गेला, मी सगळी मागे ओढले गेले, पार सगुणकाकांच्या गुडघ्यापर्यंत. आणि मी धरले! तो माझ्या पायाशी उतरला, आतल्या बाजूला. यावेळी सगळी जांभळ बघत होती.

काय तो गोंगाट झाला! कमलाक्षीचा झारा हवेत. विनायक सगळी रचना विसरून उड्या मारू लागला. हंगामातला पहिला गोल, पहिला गोल, असे जो तो म्हणू लागला.

सगुणकाका उभे राहिले. गुडघ्याला जिथे माझा धक्का लागला होता तिथे हात ठेवून उभे राहिले, आणि सगळा गोंगाट कापत तो बस थांबवणारा आवाज मैदानभर गेला.

"पयलो न्हय! हो दुसरो!"

लोक वळले. विनायक म्हणाला, "काका, एक-शून्य झालं. हा पहिलाच."

"दुसरो म्हणटां मरे!" काकांनी छत्री वर धरली.  "पयलो त्या दिसा जाल्लो. पयलो म्हज्या ह्या सत्रीन खाल्लो!"

 निखिल मध्यावर परत चालला होता, तो थांबला. काकांनी पुन्हा एकदा त्याच्याकडे बघून सांगितले, या वेळी हळू, पण ऐकू जाईल इतके. "पोरा, तुजो पयलो गोल आत आसलो. फट तुवें मारूंक ना. म्हजेच दोळे भायर आसले."

 निखिलने जर्सीच्या बाहीने तोंड पुसले. तो घाम होता असे मंडळींना वाटले. मला जास्त डोळे आहेत.

मित्रांनो, इथे गोष्ट संपली असती तर मीही शांत झाले असते. पण सामना जिंकून मंडळी घरी निघाली तोवर जांभळीखाली नवा वाद पेटला होता. दोष काकांचा, की छत्रीची मूठ एवढी जाड करणाऱ्याचा, की जाळी वेळेवर न शिवणाऱ्या क्लबाचा, की पंचायतीचा? कमलाक्षी एका बाजूला, विनायक दुसऱ्या. मी माझ्या सगळ्या डोळ्यांनी आकाशाकडे पाहिले. पण सगुणकाका त्या वादात नव्हते. छत्री काखेत मारून ते माझ्या भोवती फिरत होते आणि आणखी कुठे काही उसवले आहे का, ते बोटांनी चाचपून पाहत होते.

म्हणून सांगते, मित्रांनो. तुमचा संघ हरेल, घरात काही बिघडेल, कुणाचे तरी काहीतरी चुकेल. तेव्हा दोष कुणाचा हे जरूर विचारा, पण आधी सुई-दोरा घ्या. आणि कुणाला खोटे म्हणण्यापूर्वी एवढे बघा, की ते घडत होते तेव्हा तुमचे तोंड कुणीकडे होते.

बाकी माझे काही मागणे नाही. तेवढे निळे ठिगळ माझ्या अंगावर आहे, तिथे कृपा करून काही टांगू नका.